विज्ञानाच्या शिक्षकांचे प्रश्न

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, त्याने पूर्वी ही लस घेतलेली असो वा नसो, एक जादा डोस द्यायचा आणि सुरुवातीला तो शाळांमधूनच द्यायचा, असे नियोजन होते. मी त्या वेळी एका ग्रामीण तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी होते. ज्या सत्राविषयी लिहिते आहे, ते डिसेंबरात एका माध्यमिक शाळेत ठरले होते. आदल्या संध्याकाळी गावातल्या मोबाइलवर एक आवाजी संदेश फिरला: ही लस नसून मुलामुलींना पुढे मूल होऊ नये यासाठी आणलेले इंजेक्शन आहे, तेव्हा उद्या कोणीही मुलांना शाळेत पाठवू नये. सकाळी निम्म्याहून अधिक वर्ग रिकामे होते आणि जी मुले आली होती त्यांचे पालक फाटकाशी उभे होते.

संदेश कोठून आला ते कोणालाच सांगता येईना, पण त्यावर विश्वास का बसला याचे कारण मुख्याध्यापकांनी सांगितले. शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडे पालक रात्री विचारायला गेले होते आणि सरांनी ‘मी माझ्या मुलीला लस देणार नाही’ असे उत्तर दिले होते. ज्यांच्याकडून गावातली मुले जिवाणू आणि विषाणू यांतला फरक शिकली, त्यांच्या तोंडचे हे वाक्य कोणत्याही संदेशापेक्षा जड होते. अफवांना अडाणी माणसेच बळी पडतात असे मानणाऱ्यांनी या गोष्टीचा जरूर विचार करावा.

सत्र थांबवून मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशी बोलायला बसले. सर शांत होते. त्यांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते आणि त्यांतले पहिले काही प्रश्न अगदी योग्य होते. ज्या मुलांनी लहानपणी गोवराची लस घेतली आहे त्यांना पुन्हा का? नवव्या महिन्यात दिलेल्या डोसाने शंभरांतील सुमारे पंधरा मुलांमध्ये पुरेशी प्रतिकारशक्ती तयारच होत नाही आणि ती पंधरा कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून सर्वांना जादा डोस, हे उत्तर मी दिले. रुबेला हा किरकोळ पुरळाचा आजार असताना त्याची एवढी धास्ती कशाला? तो गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयातील दोष घेऊन जन्माला येऊ शकते, हे सांगितले. २०१५ साली जगात गोवराने सुमारे १ लाख ३४ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज होता आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक भारतातले होते, हेही सांगितले. सर हे सगळे नोंदवून घेत होते. एवढ्यावरच सगळे थांबले असते तर ती साधी शंका ठरली असती.

पण वहीच्या पुढच्या पानावर प्रश्नांचा सूर बदलला होता. एडी सिरिंज एकदा वापरल्यावर आपोआप अडकते, ती का? ती दुसऱ्याला टोचता येऊ नये आणि संसर्ग पसरू नये म्हणून. सरांचे म्हणणे असे की, आत काय होते हे कोणाला तपासता येऊ नये म्हणून. डाव्या अंगठ्यावर शाईची खूण का? मूल चुकून दोनदा टोचले जाऊ नये म्हणून. सरांच्या मते, पुढे कोणाला मूल होणार नाही याची यादी ठेवण्यासाठी. मी म्हणाले की, मी स्वतः डॉक्टर आहे, असे काही असते तर मला कळले असते, त्यावर ते सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, तुम्हालाही सांगितलेलं नसणार.” इथे माझ्या लक्षात आले की आता मी मांडलेला प्रत्येक पुरावा त्यांच्या बाजूला जाऊन बसणार आहे. संशय आणि कटाची कल्पना यांतली सीमा मला तरी इथेच दिसते. संशयी माणूस उत्तर मिळाले की थांबतो. कटाच्या कल्पनेत मात्र उत्तर देणाराच संशयित झालेला असतो.

यानंतर मी माहिती देणे थांबवले आणि विचारले, “सर, हे तुमच्या मनात पहिल्यांदा कधी आलं?”

ते बराच वेळ बोलले. त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७६ साली, आणीबाणीत, शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट दिले गेले होते आणि ते पूर्ण न झाल्याने वडिलांचा पगार अडवला गेला. शेवटी ज्यांची पत्रे ते लिहून देत आणि ज्यांचा त्यांच्यावर विश्वास होता, अशा दोन शेतमजुरांना ते शिबिराला घेऊन गेले. त्यांतल्या एकाला तेव्हा एकच मुलगी होती. तो माणूस पुढे आयुष्यभर वडिलांशी बोलला नाही आणि वडिलांनी बदली मागून गाव सोडले. “माझ्या वडिलांनी त्या वेळी वर प्रश्न विचारला नाही,” सर म्हणाले. “आता तेच मला सांगितलं जातंय, मुलं गोळा करा. मी विचारणारच.”

या सांगण्यात खोटे काही नव्हते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे कागदोपत्री रद्द झाली ती थेट १९९६ साली. म्हणजे ज्या आरोग्य केंद्राच्या दारात लस मिळते, त्याच दारात वीस वर्षे ‘केस’ मोजल्या गेल्या. ‘या इंजेक्शनने मूल होणार नाही’ ही अफवा शेकडो अफवांमधून याच गावात का रुजली, हे मला त्या खोलीत कळले. सरांनी आणखी एक दाखला दिला, तोही खराच: ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा शोधण्यासाठी २०११ साली अमेरिकी गुप्तहेर संस्थेने पाकिस्तानातील अबोटाबादमध्ये काविळीच्या लसीकरणाचा बनाव रचला होता. कटाच्या कल्पनेत अशा खऱ्या विटा असतातच, म्हणून ती पक्की वाटते.

जेनिफर व्हिटसन आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, परिस्थिती आपल्या हातात नाही असे वाटू लागलेल्या माणसांना अर्थहीन ठिपक्यांतही आकृत्या दिसतात आणि साध्या घटनांमागे कारस्थान दिसते. सरांच्या बाबतीत हे पूर्ण उत्तर नव्हते, पण बरेचसे होते. वरून आलेले परिपत्रक, ठरलेली तारीख, रोजचा अहवाल, शंभर टक्क्यांचा आग्रह. त्यांना न विचारता त्यांच्याच वर्गात काहीतरी घडणार होते. त्यातच रात्री दारात आलेल्या पालकांनी त्यांना गावाचा रक्षक ठरवले होते. दुष्टपणाने किंवा मूर्खपणाने फार थोडे लोक या वाटेला लागतात. आपण कोणाला तरी वाचवत आहोत ही भावना त्यांना तिथे घट्ट धरून ठेवते, आणि ती चांगली भावना आहे म्हणूनच ती सोडवणे फार अवघड जाते.

मी एकच युक्तिवाद मनापासून केला. या लसीत असे काही दडवायचे तर कारखान्यापासून आशाताईंपर्यंत हजारो माणसांना गप्प राहावे लागेल, असे मी म्हणताच सर म्हणाले, “शहात्तरलाही सगळे गप्पच होते.” मी म्हणाले, “नाही सर, गप्प कोणी नव्हतं. जीप दिसली की माणसं शेतात पळत होती. गावोगाव सगळ्यांना ठाऊक होतं आणि मार्च १९७७च्या निवडणुकीत लोकांनी केंद्रातलं ते सरकार घालवलं. जे झालं ते भरदिवसा, जबरदस्तीनं झालं. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ साली आली. तेव्हा ती घेतलेल्या मुली आज तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आया आहेत, फाटकाशी उभ्या आहेत.” ते काही बोलले नाहीत, पण वही मिटली.

खरा बदल मात्र या युक्तिवादाने झाला नाही, असे माझे मत आहे. मी त्यांना सांगितले की, पालकांच्या होकाराशिवाय आज एकाही मुलाला सुई लागणार नाही आणि नकार देणाऱ्याचे नाव फळ्यावर किंवा चावडीवर लागणार नाही. त्यांच्या वडिलांना जे मिळाले नव्हते ते हेच, नाही म्हणण्याचा अधिकार. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानेही तिथल्या शाळांमधील याच मोहिमेबाबत पालकांची संमती आवश्यक असल्याचे स्पष्ट केले.

दुपारी शाळेच्या मैदानात पालक बसले. सरांनी आपल्या वहीतले प्रश्न स्वतः वाचले आणि मी त्यांना सर्वांसमोर उत्तरे दिली; सिरिंजचा आणि शाईचा प्रश्नही त्यांनी वगळला नाही. सिस्टरनी व्हॅक्सिन कॅरियर उघडून दहा डोसची व्हायल दाखवली, द्रावक मिसळल्यानंतर चार तासांत ती संपवावी किंवा टाकून द्यावी लागते हे समजावले आणि उघडल्याची वेळ तिच्यावर लिहिली. टोचल्यावर अर्धा तास मुलांना का बसवतो आणि क्वचित येणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रेनलिन कोठे ठेवले आहे, हेही लोकांनी पाहिले. काही आया घरी जाऊन मुलांना घेऊन आल्या, काही पालक नकार देऊन निघून गेले. सर नोंदणीच्या टेबलाशी बसून प्रत्येक पालकाला स्वतः विचारत होते की, होकार आहे ना.

त्यांनी आपल्या मुलीला त्या दिवशी लस दिली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. नंतर एका बुधवारी ते तिला घेऊन केंद्रावर आले. लस देण्याआधी त्यांनी विचारले की, एखाद्या मुलाला त्रास झाला तर त्याची चौकशी कोण करते. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची जिल्हा समिती कशी काम करते आणि पालकांनी तक्रार कोठे नोंदवायची, हे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि ती माहिती शाळेच्या सूचनाफलकावर लावण्याची परवानगी मागितली.