ग्वाम: खोक्यातले कागद, भिंतीवरची नावं

ग्वामला उतरले तेव्हा घड्याळ साडेचार तास पुढे केलं. प्रशांत महासागरातलं हे बेट मुंबईपेक्षाही जरा लहान, सुमारे ५४४ चौरस किलोमीटर. अमेरिकेचा प्रदेश, त्यामुळे व्हिसाही अमेरिकेचाच लागतो. तुमोनच्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग आहे, पाणी निळंशार आहे. पण मी आले होते कागद बघायला.

मांगिलाओला ग्वाम विद्यापीठात मायक्रोनेशियन एरिया रिसर्च सेंटर आहे. सगळे त्याला 'मार्क' म्हणतात. १९६७ पासून इथे बेटाचा इतिहास गोळा होतोय, आणि गोळा करणं हाच नेमका शब्द. १९४४च्या जुलैमध्ये, जपान्यांकडून बेट परत घेताना, अमेरिकी तोफा आणि बॉम्ब यांनी राजधानी हगात्न्या जवळजवळ जमीनदोस्त केली. घरं गेली तशी घरातली कागदपत्रंही गेली. त्यामुळे स्पॅनिश काळातलं बरंचसं इथे आलंय ते स्पेन, मेक्सिको, फिलिपिन्सच्या दफ्तरांतून नकला करून. आपल्याच बेटाची गोष्ट परक्यांच्या कपाटांतून परत आणायची! आपल्याकडे मराठेशाहीसाठी लिस्बन आणि लंडन धुंडाळणारे आठवले.

वाचनकक्षात 'हाफा अदाई' असं स्वागत झालं. पेन बाजूला ठेवलं, पेन्सिल घेतली. समोर होता २००४चा ग्वाम युद्ध-दावे आयोगाचा, म्हणजे युद्धात सोसलेल्यांच्या भरपाईचा आढावा घेणाऱ्या आयोगाचा, अहवाल, आणि मी दोन दिवस त्यातच बुडाले.

जपानी हल्ला ८ डिसेंबर १९४१ चा, शरणागती १० डिसेंबरची. मग बत्तीसएक महिने जपानी अंमल. बेटाचं नावसुद्धा बदललं, ओमिया-जिमा. चामोरो, म्हणजे बेटाच्या मूळ लोकांना, शाळकरी पोरांनासुद्धा, भातशेतीवर आणि धावपट्ट्यांच्या कामावर जुंपलं. तियानची धावपट्टी त्यातलीच. आज विमानतळ तिथेच आहे, म्हणजे मी उतरले तीही तिथेच. हे वाचल्यावर पुढच्या पानाकडे वळायला वेळ लागला.

शेवटी शेवटी, अमेरिकी फौजा येण्याआधी, हजारो लोकांना पावसाचिखलातून चालवत मानेंगॉनच्या छावणीत नेलं. दक्षिणेकडच्या मलेसो गावात १५ आणि १६ जुलै १९४४ ला आणखी भयंकर घडलं. तिंता इथे तीस माणसांना गुहेत घालून मारायचा प्रयत्न झाला. सोळा गेली, चौदा वाचली, म्हणून तिंताची हकीकत आपल्याला कळते. फाहामध्येही तीसच माणसं नेली होती. त्यातलं एकही परतलं नाही. तिंताची साक्ष आहे, फाहाची नाही. दफ्तरातली पोकळी कशी दिसते ते मी तिथे पाहिलं.

आणि मग भरपाईची कहाणी. अमेरिकेच्या १९४५च्या कायद्याने लोकांना दावे करायला मुदत दिली जेमतेम एक वर्षाची. घर नाही, जमीन लष्करी तळाखाली गेलेली, आणि अर्ज भरा म्हणे! मृत्यू आणि जखमांचे दावे तर वॉशिंग्टनच्या मंजुरीला जायचे. पुढे जपानशी झालेल्या १९५१च्या शांतता तहात अमेरिकेने जपानवरचे दावे सोडून दिले, म्हणजे ती वाटही बंद. शेवटी कायदा झाला २०१६ साली, आणि पैसे हातात पडायला लागले २०२० मध्ये. सक्तमजुरीसाठी १२,००० डॉलर, छावणी किंवा तिकडची ती सक्तीची पायपीट यासाठी १०,०००. तेही कायदा होताना हयात असलेल्यांनाच. आणि हा पैसा आला कुठून, तर एरवी ग्वामच्याच तिजोरीत गेला असता अशा करातून. मला हे वाचून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी असानच्या टेकडीवर गेले. खाली तो किनारा, जिथे २१ जुलै १९४४ ला अमेरिकी सैनिक उतरले. वर स्मारकाची भिंत. त्यावर १,८८० अमेरिकी सैनिकांची नावं आहेत, आणि १६,१४२ इथल्या माणसांची, म्हणजे ज्यांनी सोसलं आणि जे मेले त्या सगळ्यांची. १९४० च्या शिरगणतीत बेटाची वस्ती होती २२ हजारांच्या आसपास. म्हणजे बेटावरच्या दर चार माणसांमागे जवळजवळ तीन या भिंतीवर उतरलीत. क्रूझ, सांतोस, पेरेझ... गोव्यातल्या दफनभूमीत उभी आहे असं क्षणभर वाटलं.

अहवालात वाचलेलं एक नाव शोधत होते. त्याच नावाच्या तीन ओळी सापडल्या. शेजारी नातवाला घेऊन एक आजोबा उभे होते. त्यांना विचारलं, यातला कुठला असेल? ते म्हणाले, "कुठल्या घरातला?" इथे एकाच आडनावाच्या घराण्यांना वेगवेगळी टोपणनावं असतात, आपल्या कोकणात माडीवाले, खालच्या आळीतले म्हणतात तशी. माझ्या वहीत नाव होतं, आडनाव होतं, गाव होतं. घर नव्हतं.

आजोबांनी तिन्ही ओळींवर बोट ठेवत एकेका घराचं टोपणनाव सांगितलं. नातवाने ते त्यांच्यामागून म्हटलं. मी पेन्सिलीने लिहून घेतलं.