आमची वाटचाल : साखर पेठेतलं वाचनालय आणि एक निळी वही

१९८६ च्या दसऱ्याला मी आणि माझ्या नणंदबाईंनी सोलापुरात साखर पेठेत दहा बाय बाराच्या खोलीत वाचनालय काढलं. माझ्या माहेरची चारशे पुस्तकं, दोन लोखंडी रॅक आणि सुतारानं उधारीवर दिलेलं टेबल, एवढंच भांडवल. अनामत पंचवीस रुपये, वर्गणी महिना पाच. गावात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं, नावाजलेलं ग्रंथालय असताना तुमच्याकडे कोण येणार, असं घरात सगळे म्हणाले. पण दिवसभर विड्या वळून उठलेली बाई एका कादंबरीसाठी रिक्षाला पैसे घालत नाही, हे आम्हाला माहीत होतं. ती आमच्याकडे आली आणि येताना शेजारणीलाही घेऊन आली.

दाखल रजिस्टर, तारखेचा शिक्का, देवघेवीची कार्डं सगळ्यांकडे असतात. आमच्याकडे शिवाय एक आवडीची वही होती. निळ्या रेक्झिनची, जाडजूड. प्रत्येक मेंबरला एक पान. काय आवडलं, काय अर्ध्यात टाकलं, कुणाच्या सांगण्यावरून नेलं, हे मेंबरनं स्वतः लिहायचं. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून कागदी पाकीट, त्यात पुढच्या वाचकासाठी चिठ्ठी. ‘बनगरवाडी’तली पहिली चिठ्ठी अजून आहे : ‘आपल्या सांगोल्याकडच्या मुलखातली माणसं आहेत. घाई करू नका.’ उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या भैरप्पांच्या ‘वंशवृक्षा’त एका कन्नड घरातल्या बाईंनी लिहिलंय, ‘मी आधी कन्नडमधून वाचलं होतं. सासूबाईंना मराठीतून वाचून दाखवलं, त्या रडल्या.’ अशी चिठ्ठी वाचल्यावर पुस्तक रॅकवर राहत नाही.

बनगरवाडीची ती चिठ्ठी जॉबर काकांची. मेंबर नंबर ९. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, घरी तेलुगू, पण वाचन सगळं मराठी. गिरणी बंद पडली तेव्हा अनामत परत मागायला आले आणि दारातच थांबले. म्हणाले, ‘ताई, पैसे नकोत. बाइंडिंगचं काम द्या.’ त्या दिवसापासून आमची पुस्तकं त्यांच्या हाताखालून जाऊ लागली. जन्मभर सुताला खळ देताना बघत आलेला माणूस, पुस्तकाची खळ त्यांना शिकवावी लागली नाही. मैदा मंद आचेवर, गुठळी न होऊ देता, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. दोरा संपला की विणकरांची गाठ मारायचे, बोटाखाली लागायचीसुद्धा नाही. ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’ असले जाड ग्रंथ दहा हात फिरले की पाठीत मोडतात. ते उसवून, जुजा, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, नव्यानं शिवून, पाठीला कापडी पट्टी लावून द्यायचे. नवं वाचनालय काढणाऱ्यांना सांगते, फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडून सुटते आणि डाग मागे ठेवते. पातळ कागद आणि खळ, दुसरं काही नको.

२००४ च्या जूनमध्ये पलीकडच्या गल्लीत दुसरं वाचनालय उघडलं. अनामत नाही, पहिला महिना फुकट, काचेची कपाटं. त्याचं मला काही वाटलं नाही, धंदा आहे. पण आमच्याकडे सहा वर्षं काम केलेला मुलगा शनिवारी पगार घेऊन गेला आणि सोमवारी तिथल्या टेबलावर बसला. त्याच सोमवारी आमची निळी वही जागेवर नव्हती. तो घरोघर जाऊन सांगू लागला, ‘काकू, तुम्हाला शिरवळकर आवडतात ना? सगळे आणलेत.’ काही जणी तर ती आमचीच शाखा समजून गेल्या. तीनशे दहा मेंबर होते, दिवाळीला चौऱ्याण्णव उरले. भाडं तीन महिने थकलं. नणंदबाईंनी पाटल्या मोडल्या, हे मी इथं पहिल्यांदाच लिहितेय.

तेव्हा जॉबर काका रोज संध्याकाळी येऊन बसले. कोरी वही उघडून मला म्हणाले, लिहा. पुस्तकं त्यांच्या मांडीवरून गेलेली. कोपरा दुमडणारे कोण, कुठल्या पानावरची हळद कुणाच्या घरची, सगळं पाठ. ‘नंबर १७, रहस्यकथा, पण शेवट आधी वाचते. नंबर ४२ ला प्रवासवर्णन द्या, कथा देऊ नका, जावई गेल्यापासून दुःखाचं काही वाचत नाही.’ तीन आठवड्यांत एकशे चाळीस पानं भरली. त्या वहीवरून मी एकेकाच्या दारात गेले. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या जत्रेपर्यंत मेंबर पुन्हा दोनशेच्या वर गेले. तेव्हापासून मी नव्या मेंबरला काय आवडतं ते विचारत नाही. शेवटचं कुठलं पुस्तक अर्ध्यात टाकलं ते विचारते. तुम्हीही विचारून बघा, माणूस खरं बोलतो.

पलीकडचं दुकान तीन वर्षांत बंद झालं. एकगठ्ठा आणलेली पुस्तकं तशीच कोरी करकरीत रद्दीत गेली. मी रद्दीवाल्याकडे जाऊन अख्खा ढीग उपसला. आमच्या शिक्क्याची सव्वीस पुस्तकं मिळाली, माझीच पुस्तकं किलोच्या भावानं विकत आणली. वही मिळाली नाही.

पुढची वर्षं बरी गेली. कोरोनात टाळं होतं, नंतर उघडलं. आज अडीच हजारांवर पुस्तकं आहेत. जॉबर काका २०१७ मध्ये गेले, त्यांचं दाभण टेबलाच्या खणात आहे. नंबर ९ मी कुणाला दिलेला नाही.

नव्या वहीत काकांनी सांगितलेलं आहे, पण मेंबरांच्या स्वतःच्या हातचं अक्षर त्या जुन्या वहीतच राहिलं. अठरा वर्षांचं. त्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत. निळं रेक्झिन, वरच्या उजव्या कोपऱ्यावर खळीचा डाग. कुणाच्या माळ्यावर असेल तर आणून द्या. कुठून आली, मी विचारणार नाही.