तुम्ही विचारलंत म्हणून: लबाडीचा पैसा मशिदीला चालेल का?

आमच्या जमातीचा (मशिदीभोवतीच्या मुस्लिम समाजाचा) हिशेब मी लिहितो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. बहुतेकदा फिरवून येतो: ‘एकाने असं केलंय, त्याने काय करावं?’ मापात मारलेले, नोकरीत टेबलाखालून घेतलेले, वाटणीत दाबलेले पैसे. पाठोपाठ ठरलेलं वाक्य: ‘मशिदीला दिले तर चालतील ना?’

नाही चालत. मी आलिम (धर्मशास्त्राचा जाणकार) नाही, पण उलेमांचं, म्हणजे अशा जाणकारांचं, म्हणणं इथे सरळ आहे. कुणाला फसवून घेतलेला पैसा ज्याचा त्याला परत करायचा. तो वारला असेल तर त्याच्या वारसांना. खरोखर शोध घेऊनही मालक सापडला नाही, तरच गरिबाला, आणि तोही मालकाच्या वतीने. देणाऱ्याने सवाबची आशा धरायची नाही. दुसऱ्याच्या मालावर आपलं पुण्य कसलं? जकात (धर्माने सक्तीचं केलेलं दान) काढून असा पैसा पाक होत नाही, कारण मुळात तो तुमचा नाहीच. तौबा करताना, म्हणजे अल्लाहकडे माफी मागताना, गुन्हा सोडणं, पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणं एवढ्यावर अल्लाहच्या हक्कातलं, म्हणजे ज्यात दुसऱ्या माणसाचं काही बुडालेलं नाही ते, निभावतं. माणसाचा हक्क मारलेला असेल, तर तो परत करणं ही चौथी अट. सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसप्रमाणे (पैगंबरांच्या वचनाप्रमाणे) शहिदाचंही सगळं माफ होतं, कर्ज सोडून. म्हणून तर जनाज्याच्या (अंत्ययात्रेच्या) वेळी कुणीतरी उभं राहून विचारतं, ‘मय्यतकडे कुणाचं येणं असेल तर वारसांना भेटा.’

आता वाटणीचं. याबद्दल कुणी थेट विचारत नाही, पण कोकणात सगळ्यात जास्त दाबलेला माल हाच असावा असं मला वाटतं. कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायात मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीचा लिहून ठेवलाय. आपल्याकडे बाप गेला की बहिणीपुढे हक्कसोड पत्र येतं. ‘सही कर, माहेर राहील,’ असं कुणी तोंडाने म्हणत नाही, पण तिला ते ऐकू येतं. ती सही करते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं राहतात. मग वर्षाला ईदची साडी.

‘तिने राजीखुशीने सोडलंय, कागद आहे,’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. अबू दाऊद या हदीस-संग्रहात एक हदीस आहे. वारसाहक्काचं भांडण घेऊन दोघेजण पैगंबरांकडे (स.) आले, पुरावा कुणाकडेच नव्हता. ते म्हणाले, मी माणूस आहे, जे ऐकतो त्यावर निवाडा देतो. तुमच्यातला एखादा बोलण्यात हुशार असेल आणि मी त्याला भावाचा हक्क देऊन बसलो, तर त्याने तो घेऊ नये, तो आगीचा तुकडा आहे. ते दोघे रडू लागले आणि एकमेकांना म्हणाले, ‘माझा हक्क तुला.’ खुद्द पैगंबरांच्या निवाड्याने जे हलाल होत नाही, ते तलाठ्याच्या नोंदीने कसं होईल?

‘परत देताना लाज वाटते’ म्हणणाऱ्यांसाठी: कबुली द्यायची सक्ती नाही, रक्कम पोचली की झालं. तिसऱ्याच्या हाती पाकीट द्या. गूगल पे नको, त्यात नाव दिसतं. जमीन मात्र पाकिटात बसत नाही. तिच्यासाठी बहिणीला सोबत घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावं लागतं, आणि मुद्रांकाचा खर्च भावाने करावा.