सोलापूर, तुळजापूर, धाराशिव: उपपरिसराचा आराखडा लिहिण्याआधी करावा असा प्रवास

आमच्या विद्यापीठाच्या उपपरिसराचा, म्हणजे मुख्यालयापासून दूरच्या गावी असलेल्या शाखेचा, पुढच्या दहा वर्षांचा विकास आराखडा लिहायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं. मुख्यालयाने पाठवलेला नमुना भरायला बसण्याआधी बाहेर पडून बघून यावं, असं आम्ही ठरवलं. निवडला तो सोलापूर ते धाराशिव हा सत्तरेक किलोमीटरचा पट्टा. एवढ्याशा अंतरात दूरच्या मुख्यालयाशी असलेलं नातं तीन तऱ्हांनी बघायला मिळतं: कोल्हापूरपासून वेगळं झालेलं सोलापूर, मुंबईशी जोडलेलं तुळजापूर आणि छत्रपती संभाजीनगरशी जोडलेलं धाराशिव. उपपरिसरात शिकवणाऱ्या किंवा त्याच्या नियोजनात असलेल्या प्रत्येकाने हा रस्ता एकदा करावा असं मला मनापासून वाटतं.

आधी वेळेचं बघा. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरला जाऊ नका. भाविकांची इतकी गर्दी असते की रस्ते वळवलेले असतात आणि राहायला जागा मिळत नाही. एरवीही मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. सत्र परीक्षांच्या दिवसांत गेलात तर प्राध्यापक पर्यवेक्षणात आणि कार्यालय उत्तरपत्रिकांत अडकलेलं असतं. दुसरं सत्र नीट सुरू झालेलं असतं तो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा काळ सर्वात सोयीचा. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा लॉज आधी ठरवून ठेवा. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली तर सकाळी सोलापूर येतं आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. पुढे एसटी उत्तम. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग 52 तुळजापूर आणि धाराशिव या दोन्ही गावांवरून जातो.

सोलापूर विद्यापीठ, म्हणजे आताचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, शहराबाहेर पुणे रस्त्यावर केगावला आहे. पुण्याहून एसटीने येणार असाल तर वाटेतच लागतं. 2004 पूर्वी इथे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. म्हणजे ‘आम्हाला वेगळं विद्यापीठ द्या’ ही उपपरिसरांच्या गावांत नेहमी ऐकू येणारी मागणी इथे प्रत्यक्षात आलेली आहे. मराठवाड्यात 1994 साली नांदेडचं आणि विदर्भात 2011 साली गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ असंच मोठ्या विद्यापीठातून वेगळं निघालं. सोलापूरचं वेगळेपण म्हणजे त्याचं कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचं आहे. निकालातली चूक दुरुस्त करायला पंढरपूरच्या किंवा करमाळ्याच्या मुलाला कोल्हापूर गाठावं लागत नाही, ही मोठी गोष्ट. पण दुसरी बाजूही समजून घ्या. आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांचा बराच खर्च परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर (जोडलेल्या महाविद्यालयांकडून मिळणाऱ्या शुल्कावर) चालतो. जिल्हा एकच, म्हणजे महाविद्यालयं मोजकी. आणि परीक्षा विभाग, वित्त विभाग, ग्रंथालय मात्र सगळं स्वतःचं उभं करावं लागतं. माझं मत असं झालं की उपपरिसराच्या आराखड्यात ‘स्वतंत्र विद्यापीठ’ हे एकमेव ध्येय लिहू नये. अधिकार टप्प्याटप्प्याने मागावेत: आधी प्रवेश आणि प्रमाणपत्रांची कामं, मग खर्चाचे अधिकार, मग पदभरती.

तुळजापूरला अपसिंगा रस्त्यावर टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. मूळ संस्था मुंबईत 1936 साली सुरू झाली, 1964 पासून ती अभिमत विद्यापीठ (स्वतः पदवी देऊ शकणारी संस्था) आहे, आणि तुळजापूरचा हा ग्रामीण परिसर 1986 चा, राज्य सरकारने दिलेल्या जमिनीवरचा. इथे भरपूर वेळ काढा. मुंबईत जे शिकवतात त्याचीच छोटी आवृत्ती इथे आणलेली नाही. ग्रामीण विकास, उपजीविका, नैसर्गिक साधनसंपत्ती हे विषय दुष्काळी टापूत बसूनच नीट शिकता येतात. ‘फिल्डवर्क’ वेळापत्रकातच असतं, विद्यार्थी गावांत जातात, आणि देशभरातून मुलं इथे शिकायला येतात. पदवी मात्र मुंबईच्याच संस्थेची. आम्ही स्वतःला विचारलेला सर्वात उपयोगी प्रश्न इथेच सुचला: आपल्या गावी असं काय आहे, जे शिकायला मुख्य परिसरातला विद्यार्थी आपण होऊन आपल्याकडे येईल? याचं उत्तर मिळत नसेल तर नवे विभाग मागण्यात अर्थ नाही.

धाराशिव हा या प्रवासाचा गाभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा इथला उपपरिसर मुख्यालयापासून जवळजवळ अडीचशे किलोमीटरवर आहे, आणि सोलापूरचं विद्यापीठ अवघ्या सत्तर. नकाशात हे विचित्र दिसतं, पण सोलापूर मुंबई प्रांतात होतं आणि धाराशिव निजामाच्या राज्यात. ती जुनी हद्द विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रात आजही दिसते. 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले जिल्हे निवडले त्यात महाराष्ट्रातले चारच होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. अशा जिल्ह्यात पदव्युत्तर शिक्षण घराजवळ मिळणं म्हणजे काय, हे मुलींशी बोलल्यावर कळतं. संभाजीनगरला खोली घेऊन राहायला घरचे तयार झाले नसते, इथे आहे म्हणून एम.एस्सी. करतेय, असं सांगणारी मुलगी कुठल्याही जिल्ह्याच्या उपपरिसरात भेटते. आराखड्याचं पहिलं पान तिच्यापासून सुरू व्हावं.

म्हणून माझा आग्रह आहे की परिसरात जाण्याआधी एक सकाळ बसस्थानकावर काढा. कळंब, भूम, परंडा, वाशी, लोहारा, उमरगा या गाड्या कधी येतात आणि परतीची शेवटची गाडी कधी, ते लिहून घ्या. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याने रोजचं येणं-जाणं पुष्कळांना परवडू लागलं. पण उमरग्याहून रोज ये-जा करणं तरीही अवघडच. प्रयोगशाळा पाचला बंद करायची की सातला, वसतिगृहात मुलींच्या जागा किती वाढवायच्या, सकाळचा पहिला तास किती वाजता ठेवायचा, या निर्णयांची मुळं त्या वेळापत्रकात असतात. आमच्या आधीच्या कच्च्या मसुद्यात हे काहीच नव्हतं. त्यात इमारतींची यादी होती.

आता कागदांचं. दोन आराखड्यांची गल्लत होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत आराखडा करतं. सध्याचा 2024 ते 2029 चा आहे. त्यातला मुख्य भाग नवीन महाविद्यालयं कुठे हवीत याचा. उपपरिसराने स्वतः काय व्हायचं, हे त्यात सापडत नाही. ते संस्थात्मक विकास आराखड्यात यायला हवं, ज्याची मार्गदर्शक तत्त्वं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2024 मध्ये दिली. पण तो आराखडा सहसा अख्ख्या विद्यापीठाचा एकच होतो आणि उपपरिसराच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. आपल्या परिसराचं वेगळं प्रकरण, वेगळं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खातं) आणि वेगळा आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), या तिन्हींसाठी व्यवस्थापन परिषदेत आधीपासून बोलून ठेवावं लागतं. अधिनियमात उपपरिसराचा संचालक हा विद्यापीठाचा अधिकारी मानलेला आहे. त्या पदाला प्रत्यक्षात किती अधिकार दिलेत, यावर पुढचं बरंच ठरतं.

भेटीला जाताना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा, आणि संचालकांसोबत लेखा विभागातल्या आणि वसतिगृहाच्या माणसालाही भेटायचं आहे हे त्यात स्पष्ट लिहा. एका कागदावर दोन रकाने पाडून न्या: एकात इथे होणारे निर्णय, दुसऱ्यात मुख्यालयाला पाठवावे लागणारे. प्रयोगशाळेतलं रसायन, पाण्याचा टँकर, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं मानधन, बंद पडलेला संगणक, अशी साधी उदाहरणं घेऊन विचारा. ‘स्वायत्तता किती आहे’ असं विचारलं की सभ्य, गोल उत्तर मिळतं. टँकर कोण मागवतं हे विचारलं की माणसं मोकळेपणाने बोलतात. पाण्यासाठी एखाद्याने एप्रिल-मेमध्ये वेगळी फेरी मारावी. फेब्रुवारीत सगळेच परिसर हिरवे दिसतात.

तुमच्या गटात फक्त प्राध्यापक नकोत. आमच्याबरोबर लेखा विभागातले एक सहकारी होते आणि सर्वात नेमके प्रश्न त्यांनीच विचारले. शक्य असेल तर एक माजी विद्यार्थिनीही घ्या. परतताना धाराशिवहून लातूर-मुंबई रेल्वे मिळते. आरक्षण मात्र आधीच करा, ऐन वेळी मिळत नाही. तो दोन रकान्यांचा कागद गाडीत बसल्या बसल्याच सगळ्यांनी मिळून भरा. प्रत्येकाने ऐकलेलं थोडं वेगळं असतं, आणि आमच्या नव्या मसुद्यातली पदांची मागणी त्याच फरकांवर वाद घालून ठरली.