तात्याला शेजारी शोधताना

आमच्या हॉलमधल्या चार फुटी टँकमध्ये ग्रीन टेरर जातीचा एक मासा आहे. नर. बोटभर पिल्लू असताना आणला होता, आता शेपटीसकट आठ इंचांच्या घरात गेलाय. त्याचं नाव आईने ठेवलं, तात्या. काचेजवळ कोणीही गेलं की हा कल्ले फुगवून पुढे येतो आणि "काय काम आहे?" असा चेहरा करतो. वयात आल्यावर या नरांच्या कपाळावर उंचवटा येतो, त्यामुळे चेहरा मुळातच रागीट दिसतो. पण तात्या नुसता दिसत नाही.

मासे पाळणारे ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात, अशा माशाबरोबर ठेवायचं काय? दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "चालतंय ओ, बिनधास्त टाका." घरी आणून टाकले की दुसऱ्या दिवशी सकाळी मोजदाद करायची.

माझं मत असं की माशाचा स्वभाव शांत की तापट, हे बघत बसू नये. बघायचं ते त्याची अंगकाठी, वेग, पाण्याच्या कुठल्या थरात वावरतो ते, आणि सगळ्यात आधी आपल्या टँकची लांबी. माझा टँक चार बाय दीड बाय दीड फूट. हिशेबाने 255 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर दोनशे-सव्वादोनशे. लिटरपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण ज्याच्या मागे तात्या लागलाय त्याला नजरेआड व्हायला जागा लागते. उंच, शोभेच्या दोन फुटी टँकमध्ये पळणारा मासा पळून जाणार कुठे? कोपऱ्यात. तिथेच त्याचा निकाल लागतो.

हा तापटपणा येतो कुठून ते कळलं की निवड सोपी जाते. तात्या सिक्लिड घराण्यातला. या घराण्यातले मासे पोरं सांभाळणारे. अंडी घालून निघून जाणारे नव्हेत. जागा धरायची, ती घासूनपुसून साफ करायची, अंडी-पिल्लांजवळ कोणाला फिरकू द्यायचं नाही. बाजारात आपण चिलापी म्हणून घेतो ती याच घराण्यातली. तिची मादी तर पिल्लं तोंडात सांभाळते. गोव्यातली काळुंदर, केरळात जिला करिमीन म्हणतात, तीही यांचीच, आणि ती तर मूळची आपल्याच भागातली. तात्याचे पूर्वज इक्वेडोर आणि उत्तर पेरूच्या प्रशांत महासागराकडे वाहणाऱ्या नद्यांतले. दुकानात ग्रीन टेरर म्हणून दोन वेगळे मासे विकतात. शेपटीची कड नारिंगी-सोनेरी असेल तर एक, पांढरी असेल तर दुसरा. पेरूतल्या या पांढऱ्या कडेवाल्याला 2009 साली स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. तात्या सोनेरी कडेवाला.

म्हणून पहिला नियम, त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्याच थरात राहणारा मासा नको. दुसरा सिक्लिड म्हणजे जागेवर दुसरा दावेदार. एंजल तर नकोच. तोही सिक्लिडच, पण लांब, नाजूक परांचा, ते पर तात्याला खाऊच वाटतात. पॅरट गोंडस दिसतो, पण त्या संकरित माशाचं तोंड धड मिटतही नाही, तो भांडणार कसा? मादी आणून जोडी लावायची हौस असेल तर मध्ये घालायला जाळी तयार ठेवा. जोडी जमली तर उरलेल्या माशांची खैर नाही, नाही जमली तर मादीची नाही. मलावीचे रंगीत आफ्रिकन मासेही नकोत. त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. आमच्या मुलुंडला नळाला येणारं तलावाचं मऊ पाणी तात्याला मानवतं, त्यांना नाही.

मी शेवटी सिल्व्हर डॉलर निवडले, सहा जणांचा थवा. मासा ताटलीसारखा चपटा आणि गोल, त्यामुळे तोंडात घेता येत नाही. मात्र रुपयाएवढी पिल्लं घेऊ नयेत, ती सहज जातात. निदान तीन इंची घ्यावेत. हे शाकाहारी, वरच्या-मधल्या पाण्यात फिरणारे, जागेवर हक्क न सांगणारे. (टँकमधल्या वनस्पतींवर पाणी सोडायचं. आठवड्यात फक्त देठ उरतात.)

सोडण्याआधी त्यांना वेगळ्या टबमध्ये दोन-तीन आठवडे ठेवलं, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वगैरे निघतोय का बघायला. मग एका संध्याकाळी तात्याला पोटभर खायला घातलं, सगळे दगड आणि लाकूड जागचं हलवलं आणि दिवा बंद करून सहाही एकदम सोडले. दगड हलवणं गंमत म्हणून नाही. ओळखीच्या खुणा गेल्या की त्याला स्वतःची हद्द नव्याने आखावी लागते, तेवढ्यात नवे रुळतात.

सकाळी दिवा लावला तेव्हा तात्या अंगावरचे पट्टे गडद करून तयारच होता. एकाच्या रोखाने सुटला. थवा फुटला, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आणि तो मध्येच थबकला. मान नसलेल्या माशाने इकडेतिकडे बघावं तसा अर्धा वळला, परत वळला. तोवर सहाही त्याच्या मागच्या बाजूला एकत्र. दुपारपर्यंत हेच चाललं. एकटा मासा असता तर सगळा मार त्यालाच पडला असता. सहांमध्ये राग वाटला जातो. वर उघड्यावर मासे निर्धास्त फिरतायत म्हणजे धोका नाही, असंही सिक्लिडला वाटत असावं, कारण तात्या आता दगडामागून जास्त बाहेर असतो. आपल्याच सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडणारा जायंट डॅनियोही हेच काम करतो, फक्त टँकला घट्ट झाकण हवं. उड्या मारतो.

तळाला एक सायनोडॉन्टिस आहे, आफ्रिकेतला काटेरी कॅटफिश. लाकडाखाली उलटा लटकून असतो. तात्याने एकदा तोंड लावून पाहिलं, त्याने पाठीचा काटा ताठ उभा केला. विषय संपला.

दुकानदार आवर्जून गळ्यात मारतात तो सकर मात्र मी घेत नाही. काच साफ करतो म्हणे. मोठा झाला की फूटभराच्या वर जातो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. लहान असताना मोठ्या माशाने गिळायला घेतला तर काटे ताठ करतो आणि घशात अडकतो. मग दोघंही जातात.

एवढं करूनही एखादा मासा हीटरमागे लपून राहिला, जेवायला बाहेर आला नाही, पर फाटलेले दिसले, तर "जमेल हळूहळू" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी बाहेर काढा. परत घेणारा दुकानदार आधीच ठरवून ठेवा, अर्ध्या किमतीत का होईना. तलावात किंवा खाडीत सोडू नका. आपल्या देशातल्या तलावांत सकर माजलेत ते असेच कोणाच्या तरी टँकमधून गेलेले आहेत.

भाच्याने परवा विचारलं, "मामा, फ्लॉवरहॉर्न आणलाय, त्याच्याबरोबर काय ठेवू?" हा संकरित सिक्लिड तात्याहूनही तापट. म्हटलं, काही नको. एकटाच ठेव.