आक्कांचा उक्ता सौदा

कांदा मापावर जातो, सोयाबीन मापावर जातं, भंगारवाला रद्दीसुद्धा काट्यावर घेतो. शेळी मात्र उक्ती जाते. शहरातल्या लोकांना हे खरं वाटत नाही, कारण त्यांना मटण किलोवर मिळतं. ज्या बोकडाचं ते मटण, त्याला जिवंतपणी कुणी तोललेलंच नसतं.

आठवडी बाजारात व्यापारी बोकडाच्या कमरेवर पंजा दाबतो, पुढचे दोन पाय उचलून भार घेतो, ओठ मागे सारून दात बघतो, अदंत (दुधाच्याच दातांचं) आहे की दोनदाती (दोन पक्के दात आलेलं). मनातल्या मनात 'एवढं मटण पडेल' असा हिशोब होतो. मग उपरण्याखाली हातात हात जातो आणि बोटांवर भाव ठरतो. कुणाचं कोणतं बोट दाबलं ते शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. ते बोकड ज्या बाईने पाला घालून वाढवलं ती तर बाजारात नसतेच. नवरा नाहीतर दीर घेऊन जातो आणि संध्याकाळी खिशातून जे बाहेर निघेल तोच भाव.

मी धाराशिव जिल्ह्यात शेळीपालक बायकांच्या कंपनीत काम करते. शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद बायका, संचालक बायका. त्याआधी मी स्वतः पशुसखी होते, म्हणजे गावातली शेळ्यांची पहिली बघणारी. पाय मोडला, पोट फुगलं, करडू अडलं की आधी आमच्याकडे येतात, मग डॉक्टर. डॉक्टरांची कामं आम्ही करत नाही, कायद्याने करायचीही नाहीत. पण पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस बर्फाच्या डब्यातून गावात पोचवायची, पहाटे बायका मजुरीला निघायच्या आत वाडीवरच्या सगळ्या शेळ्या एका जागी आणायच्या, कातडी चिमटीत धरून एक मिली कातडीखाली सोडायची आणि फोडलेली बाटली तास-दोन तासांत संपवायची, हे जमवायला डोकं लागतं. आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या काटक, बऱ्याच जणी जुळी देतात. पण लसीविना एकदा साथ शिरली की दावण रिकामी व्हायला आठवडा पुरतो. पशुसखी एका टोचणीचे थोडे पैसे घेते. फुकट द्या म्हणणारे पुष्कळ भेटतात, बहुतेक पगारी असतात.

तर काटा. आमची कंपनी बोकड उक्तं देत नाही, तोलून विकते. लटकता डिजिटल काटा, त्याला पोत्याची झोळी, झोळीला चार पायांसाठी चार भोकं, आणि टांगायला बांबूचं तिकाटणं. आधी रिकामी झोळी लावून आकडा शून्यावर आणायचा. बोकड वर गेलं की पाय झाडतं, आकडा नाचतो, तेव्हा एकीने त्याच्या डोळ्यांवर पदर धरायचा. अंधार झाला की ते निवांत होतं आणि आकडा ठरतो. पहिल्या वर्षी व्यापाऱ्यांनी बोंब मारली की काट्यावर सरकारी शिक्का नाही. आम्ही वैधमापनचा शिक्का मारून आणला. मग म्हणाले शिक्का असला म्हणून काय झालं. तेव्हा आमच्या पशुसखीने सगळ्यांसमोर युरियाची न फोडलेली गोणी टांगली. गोणी 45 किलोची, काट्याने 45 दाखवले. ही तिची युक्ती, प्रशिक्षणातली नव्हे. आता दर विक्रीला पहिला मान गोणीचा असतो.

लबाडी आमच्याही बाजूने होते, लपवण्यात अर्थ नाही. रात्री भरड्यात मीठ घालायचं, सकाळी पोटभर पाणी पाजायचं, की दीड-दोन किलो फुकटचे चढतात. म्हणून नियम केला, आदल्या रात्रीपासून चारा-पाणी बंद. पोट टम्म दिसलं की बोकड बाजूला बांधायचं आणि दुपारी तोलायचं. यावरून माझी एका संचालिकेशी पंधरा दिवस बोलाचाली बंद होती.

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली होती, तेव्हाची ही विक्री. सोलापूरचा मोठा खरेदीदार पिकअप घेऊन आलेला, भाव ठरलेला, जिवंत वजनावर किलोला 400 रुपये, पैसे जागेवर बाईच्या हातात. निधी देणारी पुण्याची मंडळी कॅमेरा घेऊन हजर. आमचे साहेब त्यांच्या मागेपुढे. त्यांना विक्रीपेक्षा फ्लेक्स सरळ लागला की नाही याची काळजी जास्त.

आक्का आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन खूप वर्षं झाली, घरी मुलगा, सून आणि नातू. गावात बायकांनी काट्यावर विश्वास ठेवला तो आक्कांनी ठेवला म्हणून. त्यांनी आपलं बोकड आणलं, पण रांगेत न आणता पलीकडे बाभळीला बांधलं आणि बसून राहिल्या. मला वाटलं दमल्या असतील.

थोड्या वेळाने गावचा नेहमीचा व्यापारी मोटारसायकलवर आला. त्याने बोकडाची कंबर दाबली, दात पाहिले, 'नऊ' म्हणाला. आक्का म्हणाल्या, 'घ्या.' घासाघीस नाही, उपरणं नाही. आमच्या रांगेपासून वीस पावलांवर.

पशुसखी हातातली वही टाकून धावली. मागून मी. व्यापारी हसत होता. म्हणाला, 'तोला की, माझी कुठं ना आहे?' त्याने स्वतः बोकड उचलून झोळीत घातलं. आकडा ठरायच्या आधी मी आक्कांना विचारलं, 'आक्का, किती असेल हो?'

'सत्तावीस.'

काट्यावर 27.2 आले.

'आमच्याकडे याचे दहा हजार आठशेच्या वर झाले असते,' मी म्हणाले. मोबाईल काढून गुणाकार करत होते.

'अठराशे कमी घेतले म्या,' आक्का म्हणाल्या. माझा फोन अजून 1,880 दाखवायचा होता. 'वरचे ऐंशी तुझ्या काट्याचे.'

व्यापाऱ्याने पाचशेच्या अठरा नोटा मोजून दिल्या. आक्कांनी एकदा मोजल्या, कमरेच्या पिशवीत घातल्या. पुण्याच्या मंडळींपैकी एका मुलीने विचारलं, 'या आजी आपल्या लाभार्थी नाहीत का?' साहेब म्हणाले, 'नाही, नाही, गावातल्याच आहेत कुणी.' दहा वर्षं सभासद असलेल्या बाईला दोन शब्दांत कंपनीबाहेर काढायला त्यांना कसलीच अडचण आली नाही.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट आमच्या दर प्रशिक्षणात सांगतात. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तर सह्यांच्या जागी अंगठे दिसले म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. 1997 मध्ये बँक उभी राहिली. टाळ्या पडतात. आणि लगेच आमचे प्रशिक्षक आर्थिक साक्षरतेची चित्रांची पुस्तिका वाटायला घेतात. बोकड विकण्याआधी तीन ठिकाणी भाव विचारा, हे त्यातलं एक चित्र. ती गोष्ट सांगणाऱ्यांनी स्वतः ऐकली असती तर बरं झालं असतं, असं मला दर वेळी वाटतं.

संध्याकाळी पिकअप गेल्यावर मी आक्कांकडे गेले. चिडूनच गेले होते. त्यांनी चहा टाकला आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, 'ताई, त्ये पैशे बुडाले न्हाईत. त्याच्याकडं ठिवलेत.'

गेल्या श्रावणात सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं. तालुक्यातून सोलापूरला पाठवलं. तिथल्या खासगी दवाखान्यात आधी भरायला पंधरा हजार मागितले. मुलाने गटाच्या अध्यक्षांना फोन केला. गटाचा तातडीचा निधी आहे, कागदावर फार छान आहे. अर्ज, बैठक, ठराव, दोघींच्या सह्या, मग बँक. बँक सकाळी दहाला उघडणार. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या व्यापाऱ्याला फोन गेला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. तो मोटारसायकलवर पंधरा हजार घेऊन आला, सही न घेता, कधी देणार हे न विचारता. सून वाचली. नातू आता भिंत धरून चालतो, मी असेपर्यंत त्याने माझ्या पिशवीतला काटा दोनदा बाहेर काढला.

'मग त्याचे पंधरा हजार फिटले की नाही?'

फिटले होते. आधीची दोन बोकडं त्याने उक्ती घेतली, पहिल्याचे आठ हजार वळते केले, दुसऱ्याचे सात, वरची रक्कम रोख दिली. दोन्ही वेळा वजनाच्या मानाने हजार-दीड हजार कमीच दिले असणार. गटात 2 टक्के महिन्याने व्याज असतं, त्या हिशोबाने तेवढ्या काळाचं जेवढं झालं असतं त्याच्या साधारण दुप्पट त्याने सुटवलं. हा हिशोब मी आक्कांना मांडून दाखवला. त्या मान डोलावत होत्या, एका ठिकाणी माझी चूकही काढली.

'पण आज तर तुम्ही त्याचं काही देणं लागत नव्हतात.'

'न्हाई. आता त्यो माजं देणं लागतो.'

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी विम्याचं सांगितलं, सरकारी योजनेतून मिळणाऱ्या दवाखान्याच्या कार्डाचं सांगितलं. कार्ड फळीवरच होतं. त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. त्या रात्रीही होतं, म्हणाल्या, पण ते कुठे चालतं ते पहाटे तीनला कुणाला विचारायचं?

आता तो व्यापारी काही देवमाणूस नाही. त्याच गल्लीत एका बाईच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा त्याने तिच्या तीन गाभण शेळ्या रिकाम्याच्या भावात नेल्या. गाभण शेळी म्हणजे पाच महिन्यांच्या आत दोन करडांची आशा. त्याला ते तिच्याइतकंच ठाऊक होतं. पैसे त्याने तिलाही त्याच दिवशी दिले होते. आक्कांना हे मी सांगितलं. 'ठावं हाय की,' म्हणाल्या. 'तिनं अडल्यावर बोलिवलं. म्या न अडता दिलं.' म्हणजे त्यांनी भाव त्याच्याशी केलाच होता, फक्त तो त्या बोकडाचा नव्हता.

महिन्याचा अहवाल भरताना एक रकाना येतो, 'नाइलाजाने केलेली विक्री: होय / नाही.' साहेब म्हणाले, ती विक्री आपली नाही, गाळून टाका. मी गाळली नाही. पण 'होय' लिहावं तर बाईला नाइलाज काही नव्हता, शेजारी जास्त भावाचं गिऱ्हाईक उभं होतं. 'नाही' लिहावं तर आमच्याकडे रात्री दोनला उघडणारं काही नाही, हा नाइलाज नाही तर काय? रकाना कोरा ठेवला. संगणकाने कोरा रकाना घेतला नाही. शेवटी शेरा लिहायच्या जागेत चार ओळी लिहिल्या. त्या कुणी वाचल्या असतील असं वाटत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत मी विषय काढला. पशुसखीच्या घरी रोख पेटी ठेवायची, दहा हजारांपर्यंत, रात्री-अपरात्री तिने एकटीच्या शब्दावर द्यायचे, ठराव नंतर. हिशोबनीस म्हणाला ऑडिटला चालणार नाही. एक संचालिका म्हणाली, हिचा नवरा पितो, पेटी टिकायची नाही. पशुसखीला राग आला, पण तिने ते नाकारलं नाही. मग किल्ली शेजारच्या वाड्यातल्या दुसऱ्या बाईकडे ठेवायचं ठरलं. म्हणजे रात्री दोघींना उठवायचं. आक्का कोपऱ्यात सुपारी कातरत ऐकत होत्या.

पशुसखीने जे विचारलं ते माझ्या डोक्यात अजून आहे. ती म्हणाली, 'ताई, पैसे द्यायला मी उठेन. पण एखादीने आधीचे बुडवले असतील, आणि ती रात्री दारात उभी राहिली, तर नाही कसं म्हणायचं? मला तिच्याच घरी सकाळी लस टोचायला जायचंय. तो व्यापारी परगावचा आहे, तो म्हणू शकतो.'

दहा हजारांवर ठराव झाला, हिशोबनिसाचा विरोध नोंदवून. आक्कांनी वहीत सही केली, पण पेटीत आपला वाटा घालायला तयार झाल्या नाहीत. एक वर्ष बघते म्हणाल्या. त्यांच्या दावणीला आणखी एक बोकड आहे, दिवाळीच्या आसपास विकायला होईल. ते कुणाला देणार म्हणून पशुसखीने विचारलं, तर म्हणाल्या, 'तवाचं तवा.'