अ‍ॅड्रेस बारमध्ये स्वतःचे सर्च शॉर्टकट: माझा अनुभव
लेखनाच्या कामात मला विकिपीडिया, नकाशे आणि शब्दकोश यांच्याकडे सारखे वळावे लागते. प्रत्येक वेळी संकेतस्थळ उघडायचे, त्यातला सर्च बॉक्स गाठायचा आणि मग शब्द टाइप करायचा, हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी मी ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्येच शोधाचे शॉर्टकट, म्हणजे त्या त्या संकेतस्थळासाठी टाइप करायची एक-दोन अक्षरे, तयार केले.

क्रोममध्ये ही सोय सेटिंग्जमधील 'सर्च इंजिन' विभागात आहे. तेथे साइट सर्चची नवी नोंद करताना नाव, शॉर्टकट आणि यूआरएल असे तीन रकाने भरावे लागतात. पहिल्या दोन रकान्यांना वेळ लागत नाही; डोके लागते ते तिसऱ्याला. त्यात त्या संकेतस्थळाच्या शोधनिकालाच्या पानाचा पत्ता द्यायचा असतो आणि शोधलेला शब्द ज्या जागी येतो, तेथे टक्क्याचे चिन्ह व त्याला जोडून लहान लिपीतले इंग्रजी 'एस' हे अक्षर लिहायचे असते. पुढे आपण जे टाइप करू, ते ब्राउझर त्या जागी बसवतो.

हा पत्ता मिळवायचा म्हणजे संकेतस्थळावर एखादा शब्द शोधायचा आणि निकालाच्या पानाचा पत्ता कॉपी करायचा. मात्र शोधलेला शब्द देवनागरी असेल, तर कॉपी केलेल्या पत्त्यात तो सहसा ओळखू येत नाही. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो. त्यामुळे एकट्या 'क'ची ९ चिन्हे होतात आणि 'की'ची १८. म्हणून मी पत्त्यात एरवी येण्याची शक्यता नसलेला एक रोमन शब्द मुद्दाम शोधला, तेव्हा बदलायची जागा लगेच हेरता आली. शब्दाच्या मागेपुढे भाषा, पानाचा प्रकार वगैरे सांगणारे जे तुकडे असतात, त्यांपैकी पुष्कळसे अनावश्यक निघाले. एकेक वगळून निकाल येतो का, हे पाहिल्यावर पत्ता सुटसुटीत झाला.

शॉर्टकटचे अक्षर निवडताना मराठीत टाइप करणाऱ्याने थोडा विचार करावा. देवनागरी कळफलक चालू असताना केवळ शॉर्टकटसाठी रोमनकडे जायचे आणि शब्दासाठी परत यायचे, यात वाचवलेला वेळ वाया जातो. म्हणून मी विकिपीडियासाठी एक रोमन आणि एक देवनागरी अशा दोन नोंदी ठेवल्या. शॉर्टकटनंतर स्पेस किंवा टॅब दाबला की शोध त्या संकेतस्थळाकडे वळतो. मात्र 'का' किंवा 'न' असा शॉर्टकट ठेवला, तर त्या शब्दाने सुरू होणारा साधा प्रश्नही भलतीकडे जाईल. ते टाळण्यासाठी केवळ टॅब वापरण्याचा पर्याय त्याच पानावर आहे आणि मला तोच बरा वाटतो.

माझ्या वापरातील एका शब्दकोशाने मात्र दाद दिली नाही. त्याचा फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने, म्हणजे मजकूर पत्त्यात न लिहिता वेगळा, पाठवला जात असल्यामुळे शोधलेला शब्द पत्त्यात येतच नाही, मग क्रोमच्या नोंदीत बदलणार काय? फायरफॉक्समध्ये सर्च बॉक्सवर राइट क्लिक करून शोध जोडता येतो आणि तो 'पोस्ट' पद्धतीचे फॉर्मही हाताळतो, त्यामुळे तो शब्दकोश मी तेवढा फायरफॉक्समधून पाहतो.